डाव्या खांद्याचा उतार

९ जानेवारी

आत्या,

तुला नमस्कार आणि तुझ्या गुडघ्यांना वेगळा नमस्कार, कारण मागच्या पत्रात तू स्वतःपेक्षा त्यांच्याबद्दलच जास्त लिहिलं होतंस. फोन करणार होते. पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला डेपोत सगळ्यांदेखत किंचाळता येत नाही, म्हणून हे पत्र.

आधी गोड बातमी. एकोणीस वर्षं शहरभर बस चालवल्यावर डेपोला माझी किंमत कळली. नव्या ड्रायव्हरांना शिकवायला शिक्षक नेमायचा आहे आणि यादीत पहिलं नाव माझं आहे. म्हणजे यापुढे मी शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्यावर खेकसणार. तुझी नात म्हणाली, "आई, हे तर तू घरी रोज करतेस. आता त्याचा पगारपण मिळणार?" बारा वर्षांची आहे, पण जीभ थेट तुझ्यावर गेली आहे.

आता दुसरी. त्या जागेसाठी नागरिकत्वाचा दाखला लागतो. मला वाटलं, एक फोटो, एक सही, संपलं. फोटोवाल्याने चार वेळा सांगितलं, "बाई, खांदे सरळ करा." मी म्हटलं, खांदे सरळच आहेत, गणवेशाचा शर्ट वाकडा आहे. डाव्या बाजूने सारखा घसरतो. एकोणीस वर्षांत सात शर्ट झाले, सातही तसलेच. कुठला शिंपी कापतो कुणास ठाऊक.

तो फोटो घेऊन कचेरीत गेले. खिडकीतल्या माणसाने नाव घातलं, पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुम्ही नागरिक नाही." मला हसूच आलं. म्हटलं, "अहो, मी चार वर्षांची असल्यापासून इथे आहे." तो म्हणाला, "असाल. राहणं वेगळं, नागरिक असणं वेगळं." परदेशातून मूल दत्तक आणलं की कोर्टाच्या हुकमानंतर आणखी एक अर्ज द्यावा लागायचा म्हणे. माझ्या नावाचा तो अर्ज कुठे दिसत नाही.

आजवर कुणी विचारलंच नव्हतं. लायसन्सला पत्ता पुरला, नोकरीला लायसन्स पुरलं. मतदार यादीत माझं नाव कधीच नसायचं, तर मी दर वेळी यादीवाल्यांच्या नावाने खडे फोडायची.

बाबा तर नेहमी सांगायचे, "अर्ज दिलाय, तू काळजी करू नकोस." तुम्ही सगळे एकाच घरात होतात. पुढे तुझं शिवणाचं दुकान, मागे आपण. त्या अर्जाची पोच, पावती, काहीतरी आठवतं का? आई-बाबा असते तर तुला त्रास दिला नसता.

तुझी
टाचणी

१७ जानेवारी

टाचणे,

आशीर्वाद. शिक्षक झालीस, फार छान झालं. पहिल्या दिवशी कुणाला रडवू नकोस, दुसऱ्या दिवसापासून चालेल.

माझे गुडघे तुझा नमस्कार मिळाल्यापासून जास्तच भाव खायला लागले आहेत. बाकी ठीक. मशीनला नवीन पट्टा घातला. जुना तोडून टाकावा लागला, बत्तीस वर्षांचा होता.

आता तो शर्ट. सातही शर्ट वाकडे आणि तू मला आत्ता सांगतेस? लगेच इकडे पाठव. त्यावर सुईदोरा चालवू नकोस, डेपोजवळच्या कुणाला देऊ नकोस, फेकू तर मुळीच नकोस. बटणांसकट पाठव. आणि जमलं तर दोन मीटर गणवेशाचं कापड पाठव. तयार कपडे म्हणजे सगळ्या जगाला एकच अंग असल्याचा समज. तुझी मापं माझ्याकडे आहेत, पण ती कधीची! आता तू दोन जिने चढलीस की दम खातेस असं नात सांगत होती, तेव्हा कंबर नव्याने घ्यावी लागेल.

त्या अर्जाचं म्हणशील तर सदतीस वर्षं झाली. कुणी काय कुठे दिलं हे माझ्या लक्षात कसं राहणार? तुझा बाबा म्हणाला दिला, म्हणजे दिला असेल. कचेरीत कागद हरवतात, यात नवीन ते काय? त्या खिडकीतल्या माणसाला म्हणावं, नीट शोध.

हा विषय पुन्हा पत्रात काढू नकोस. मला मानवत नाही.

आत्या

२ फेब्रुवारी

आत्या,

तुला मानवो न मानवो, विषय काढावाच लागतोय.

मला गाडीवरून उतरवलं. परवा सकाळी पहिली फेरी सुटायच्या आधी डेपोच्या साहेबांनी हात पुढे करून चावी मागून घेतली. नजर माझ्या बुटांवर होती त्यांची, वर बघवेना. नागरिक नसलेल्या माणसाला ही नोकरी देता येत नाही, असा वरून कागद आला. आणि काल घरी दुसरा कागद आला. सहा एप्रिलला सुनावणी आहे. तिथे सिद्ध करता आलं नाही, तर मी जिथे जन्मले त्या देशात मला परत पाठवतील.

परत म्हणे! त्या देशातलं मला काय आठवतं? एक हिरवं दार आणि साबणाचा वास. तिथल्या भाषेत मला पाणीसुद्धा मागता येत नाही. आणि माझी लेक इथली नागरिक आहे, तिच्या वडिलांमुळे. म्हणजे ती इथे आणि मी तिथे. ती काल दप्तर भरता भरता म्हणाली, "तुला पाठवलं तर मीपण येईन, मला भूगोल आवडतो." आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. नळाचा आवाज केला की आईला ऐकू येत नाही असं तिला वाटतं.

वकीलबाई केली आहे. तिने कचेरीचं आवक रजिस्टर स्वतः पाहिलं, त्या वर्षाचं आणि पुढच्या दोन वर्षांचं. पान फाटलेलं नाही, ओळ खोडलेली नाही. माझा अर्ज हरवलेला नाही, आत्या. तो कधी दिलाच गेला नाही.

मग बाबा माझ्याशी खोटं बोलले. शाळेत मला कुणी "बाहेरची" म्हटलं की ते सायकलच्या दुकानातून ग्रीसच्या हातांनी उठून यायचे आणि सांगायचे, अर्ज दिलाय, तू इथलीच. चौदा वर्षं ते मला तोंडावर खोटं सांगत होते. हे मला त्या चावीपेक्षा जास्त लागलं. त्यांचा फोटो मी काल भिंतीवरून उतरवून ठेवला.

टाचणी

८ फेब्रुवारी

टाचणे,

तो फोटो आधी भिंतीवर लाव. लावलास? मग पुढे वाच.

तुझा बाबा खोटं बोलला नाही. त्याच्याशी खोटं बोलले ती मी.

कचेरी माझ्या दुकानापासून दोन चौकांवर होती. त्याच्याकडे सायकलींची रांग, आई तुझ्या तापात अडकलेली. म्हणून त्याने अर्ज भरून, सही करून माझ्याकडे दिला आणि म्हणाला, "ताई, जाता जाता देऊन ये." मी गेले. रांगेत उभी राहिले. आणि परत आले. संध्याकाळी त्याने विचारलं, "दिलास?" मी म्हटलं, "दिला."

का, म्हणशील. मला राग आला होता. कोर्टाचा शिक्का झाला, पोरगी घरात आली, माझ्या दुकानात चिंध्यांशी खेळायला लागली, आणि आता पुन्हा कुणाच्या दारात उभं राहून म्हणायचं की आमच्या पोरीला आमची म्हणा? मी नाही म्हणणार, असं ठरवलं. डोकं तेव्हाही असंच गरम होतं.

आणि आता लाजेची गोष्ट. तो अर्ज जाड निळसर कागदाचा होता. असा कागद तेव्हा मिळायचा नाही. गळ्याचा आकार कापून ठेवायला आम्हाला तसलाच कागद लागतो, पातळ कागद चार वेळा वापरला की चुरगळतो. दुसऱ्या दिवशी तुझा फ्रॉक बेतायला घेतला आणि मी त्या अर्जाचा गोल गळा कापला. हाताशी होता, कापला. शिंपिणीच्या हाताला कागद दिसला की कात्री सुचते, दुसरं काही सुचत नाही. नंतर तुझे सगळे गोल गळे त्याच्यावरच बेतले.

बाबा शेवटपर्यंत मला विचारायचा, "ताई, पोच मिळाली नाही ना आपल्याला?" आणि मी म्हणायची, "सरकारी काम, येईल." तो गेला तेव्हाही मी सांगितलं नाही. तेव्हा तरी सांगायला हवं होतं.

मागच्या पत्रातही लपवलं. तू काय बोलायचं ते बोल. मी ऐकून घेईन.

आत्या

१४ मार्च

आत्या,

महिनाभर लिहिलं नाही. चार पत्रं लिहिली आणि चारही फाडली. त्यांतलं एकही वाचणं तुला झेपलं नसतं.

बाबांचा फोटो त्याच दिवशी भिंतीवर लावला. त्यांची माफी मागितली. तुझ्याबद्दल मात्र मनात काय आहे ते मला नीट सांगता येत नाही. सकाळी वाटतं, म्हातारी आहे, जाऊ दे. दुपारी, बसचे हॉर्न ऐकू आले की, इतका संताप येतो की हातातलं भांडं आपटते. एक कागद, आत्या! दोन चौकांवर!

असो. कामाचं लिहिते.

वकीलबाई म्हणते, अर्जाचा प्रश्न आता उरलेला नाही. दोन वर्षांपूर्वी नवा कायदा झाला. माझ्यासारख्यांनी बरीच वर्षं भांडून तो करवून घेतला आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. परदेशातून दत्तक आणलेलं मूल अठरा पूर्ण होईपर्यंत दत्तक आईबापांच्या घरी इथे राहिलं असेल, तर ते आपोआप नागरिक. वेगळा अर्ज नको. फक्त राहिल्याचा पुरावा हवा, आणि तो त्या त्या वर्षी लिहिलेला हवा. आज कुणी येऊन "हो, मी हिला लहानपणी पाहिलंय" म्हटलेलं चालत नाही.

इथे घोडं अडलंय. शाळेच्या तळघरात पाणी शिरलं तेव्हा जुन्या पटांचा लगदा झाला. डॉक्टरांचा दवाखाना बंद होऊन वीस वर्षं झाली. घरातली कागदपत्रं आईने घर रंगवताना रद्दीत घातली. माझ्याकडे तीन फोटो आहेत आणि त्यांच्यावर तारीख नाही. चौदा वर्षं मी त्या घरात जेवले, भांडले, झोपले आणि त्याची एक ओळ कुठे नाही.

तुझ्याकडे काही असेल तर शोध. नसेल तर तसं कळव. यावेळी जे असेल ते खरं लिही.

टाचणी

२० मार्च

टाचणे,

तुझं पत्र आलं आणि मी गुडघे विसरून माळ्यावर चढले. उतरताना आठवले, तो भाग सोडून दे.

सोबत पार्सल आहे. त्यात तीन वस्तू: माझी मापांची वही, कागदाचा गोल गळा आणि माझी टेप. चौथं एक बंद पाकीट आहे, सुनावणीच्या अधिकाऱ्याच्या नावाचं. ते तू उघडायचं नाहीस. वकिलीणबाईने उघडलं तर तिचे ब्लाउज मी जन्मात शिवणार नाही असं सांग.

वही तू चाळलीस तरी हरकत नाही. पण भिजवू नकोस. पुसट झाली तर पंचाईत होईल.

भांडं आपटायचं असेल तर स्टीलचं आपट. काचेची पुरवून वापर.

आत्या

(बंद पाकिटातलं पत्र)

सुनावणीच्या अधिकारी बाई किंवा साहेब, जे असाल ते,

मी शिवणकाम करते. छपन्न वर्षं झाली. माझ्या भाचीचा निकाल तुमच्या हातात आहे म्हणून हे लिहिते. अक्षर वाईट आहे, मापं चांगली आहेत.

सोबतच्या वहीत माझ्या गिऱ्हाइकांची मापं आहेत. तारीख घातल्याशिवाय मी माप लिहीत नाही, कारण अंग बदलतं आणि माणूस ते कबूल करत नाही. माझ्या भावाच्या मुलीचं माप मी दर सहा महिन्यांनी घेतलं, ती चार वर्षांची आली त्या महिन्यापासून अठरा पूर्ण होईपर्यंत. एकोणतीस वेळा. तिची मापं बाकीच्या गिऱ्हाइकांच्या मधे मधे आहेत, त्यामुळे मागाहून घुसवली असं कुणाला म्हणता येणार नाही.

तरी तुम्ही म्हणाल, ही मापं ह्याच बाईची कशावरून? म्हणून टेप पाठवली आहे. तिला बूट काढून, भिंतीला पाठ लावून उभी करा. जमिनीपासून खांद्याच्या टोकापर्यंत आधी उजवीकडे मोजा, मग डावीकडे. "सरळ उभ्या राहा" असं मात्र म्हणू नका. तसं म्हटलं की ती डावा खांदा उचलते, लहानपणापासूनची सवय आहे. तिला स्वतःला हे ठाऊक नाही. मग वहीतल्या शेवटच्या मापाशी ताडून बघा. उंची वाढते, कंबर तर वाढतेच, पण हा उतार राहतो.

आता कागदाचा गळा. तो तुमच्याच कचेरीच्या अर्जाचा आहे. उलटा करून बघा, नंबर, शिक्का आणि मुलीचं नाव कात्रीतून वाचलं आहे. तो अर्ज मी दिला नाही. भाचीला मी लिहिलं की राग आला म्हणून दिला नाही. ते अर्धंच खरं आहे.

मी रांगेत उभी होते. माझ्यापुढे अकरा माणसं होती, म्हणून अर्ज वाचत बसले. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं की अर्ज नामंजूर झाल्यास मुलाला मूळ देशी परत पाठवण्यात येईल. माझी पाचावर धारण बसली. सुरुवातीला मी भावाला म्हटलं होतं, दुसऱ्याचं मूल आणून काय करणार? तीच मी. पण तोवर ती सहा महिने माझ्या मशीनखाली बसून टाचण्या वेचत होती, रंगांप्रमाणे लावून देत होती. मला वाटलं, आपण विचारायला जाणार आणि हे नाही म्हणणार. विचारलंच नाही तर नाही कोण म्हणेल? हात दाखवून अवलक्षण कशाला? म्हणून मी घरी आले.

चूक माझी आहे. शिक्षा असेल तर मला करा. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, मला कुठेही पाठवलंत तरी फार दिवसांचा प्रश्न नाही. तिला पाठवू नका. ती आमची आहे.

काम झाल्यावर टेप परत करावी. तसली आता मिळत नाही.

६ एप्रिल

आत्या, अगं आत्या,

जिंकलो!

कचेरीच्या पायरीवर बसून लिहितेय. तुझी नात शेजारी बसून डुलतेय आणि म्हणतेय, "आधी आकडा लिही, आधी आकडा!" पण मी क्रमाने सांगणार. एवढं भोगलंय, तर चवीने सांगू दे.

अधिकारी बाई होत्या. बारीक, करड्या केसांच्या, चष्मा दोरीला बांधलेला. सरकारी वकील समोर. त्याने वही दोन बोटांनी उचलली आणि म्हणाला, "शिंप्याच्या वहीला पुरावा म्हणायचं का? ही नावं, ही मापं कुणाचीही असतील." माझ्या वकीलबाईने पाकीट पुढे केलं. अधिकारी बाईंनी ते मनात वाचलं. मग चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचलं, पहिल्या ओळीपासून टेप परत करण्यापर्यंत.

आत्या, ते रांगेतलं मला तेव्हा कळलं. भरल्या खोलीत.

मग त्या उठल्या. मला म्हणाल्या, "बूट काढा." सरकारी वकील म्हणाला, "बाई, टेप हा पुरावा नसतो." त्या म्हणाल्या, "खांदा असतो," आणि टेप सोडवत माझ्याकडे आल्या. मी कपाटाशेजारच्या भिंतीला पाठ लावून उभी. सवयीने डावा खांदा उचलायला गेले आणि पहिल्यांदा माझं मलाच कळलं की मी तो उचलते! मुद्दाम सैल सोडला. उजवा साडेबावन्न. डावा बावन्न आणि वर एक सूत. कारकुनाला सूत म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, तुझ्या नातीने मागून ओरडून सांगितलं, "इंचाचा आठवा भाग!" त्याने वजाबाकी केली. तीन सूत.

बाईंनी वहीचं शेवटचं पान उघडलं. अठरावा वाढदिवस. "उंची वाढली नाही, शिंगं फुटली. डा. खां. तीन सूत उतार."

मग त्यांनी स्वतःच्या टेबलावरची माझी फाईल उघडली, मी या देशात उतरले त्या दिवसाची. त्यात तिकडच्या डॉक्टरचा कागद आहे. परक्या भाषेतला, म्हणून घरी कुणी कधी वाचला नसणार. कचेरीने त्याचं भाषांतर करून ठेवलं होतं. बाईंनी वाचलं: "मुलगी, अंदाजे चार वर्षं. डाव्या बाजूचं गळ्याखालचं आडवं हाड जुनं मोडलेलं, उपचाराविना जुळलेलं. खांदा किंचित खाली." सरकारी वकिलाने पेनाला टोपण लावलं. म्हणाला, "माझी हरकत नाही."

पण त्यांनी वही बंद केली नाही. एकेक नोंद वाचत गेल्या, सगळ्यांसमोर. "पहिलं माप. टेपला घाबरली. आधी बाहुलीचं घेतलं, मग हिचं. डा. खां. दोन सूत." "सहावं वर्ष. समोरचे दात पडले, हसत नाही. गळ्याला झालर लावावी." "अकरावं. दोन इंच उंची, कंबर तीच. हिची आई हिला काय घालते कुणास ठाऊक." "तेरावं. शिवणीत दीड इंच माया ठेवली, ही थांबणार नाही." "सतरावं. परीक्षा. दोन्ही खांदे वाकलेत, हे माप खरं धरू नये." मी रडत होते ते सोड, कारकूनसुद्धा नाक पुसत होता.

आणि निकाल! तिथल्या तिथे सांगून लिहवून घेतला. "अर्जदार ही नागरिक आहे." मला वाटलं संपलं. तर त्या थांबून म्हणाल्या, "पुढे लिहा: आणि दत्तकाच्या हुकमाच्या दिवसापासून होती." म्हणजे मी सदतीस वर्षं इथलीच होते. बाबा शाळेत येऊन सांगायचे ते शब्दशः खरं होतं.

बाहेर व्हरांड्यात आणखी सातजण बसले होते, माझ्यासारखेच. कुणी पाववाला, कुणी दाई, एकजण तर वकीलच आहे. दार उघडून तुझी नात किंचाळली तेव्हा सगळे उभे राहिले आणि टाळ्या! अधिकारी बाईंनी निकालात लिहिलंय की घरातल्या किंवा धंद्यातल्या, त्या त्या वेळी तारीख घालून ठेवलेल्या नोंदी पुरावा म्हणून घ्याव्यात. पाववाला ऐकून म्हणाला, "माझ्या आईने दाराच्या चौकटीवर दर वाढदिवसाला माझ्या उंचीची रेघ मारलीय, तारखेसकट." आणि चौकट उखडून आणायला निघालासुद्धा. त्याला धरून बसवावं लागलं, म्हटलं, आधी फोटो काढ.

राग गेला का, विचारशील. सगळा नाही गेला, खोटं कशाला लिहू. त्या दोन चौकांचा राग थोडा राहील. पण शाळेत मला सगळ्या नावांनी चिडवलं, "वाकडी" कुणीच कधी म्हटलं नाही. एकेचाळीस वर्षांची होईपर्यंत माझा खांदा उतरता आहे हे मलाच कळलं नाही. घर सोडल्यावर सगळे शर्ट का घसरायला लागले, ते आज कळलं. तू चौदा वर्षं माझा प्रत्येक कपडा दोन-तीन सुतांनी सावरून कापलास आणि तोंडातून शब्द काढला नाहीस.

टेप बाईंनी स्वतः गुंडाळून दिली. मी जपून आणतेय.

तुझी, आणि आता कागदोपत्रीही तुझीच,
टाचणी

१५ एप्रिल

टाचणे,

पत्र अकरा वेळा वाचलं. मग दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईला वाचून दाखवलं. एक तर फक्त बटण लावून घ्यायला आली होती, बिचारी तासभर अडकली.

खांद्याचं सांगते. पहिला फ्रॉक माप न घेता अंदाजाने शिवला, तो डाव्या बाजूने घसरला. तू तो सारखा वर ओढायचीस. रस्त्यातल्या पोरांनी पाहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी नाव पाडलं असतं. मी ठरवलं, हिला हे कळू द्यायचं नाही आणि जगाला दिसू द्यायचं नाही. अंगात जे कमी आहे ते कापडाने भरायचं, शिंपीण आणखी कशाला असते? तुझ्या आईलासुद्धा सांगितलं नाही.

त्या बाईने टेप भिंतीला चिकटवून धरली की सैल, ते लिहायला विसरलीस. एका सुताचाही फरक पडतो.

माफी मागते. पूर्वीच मागायला हवी होती, पण मला माफी मागायची सवय नाही, आणि आता या वयात सवय लावून घ्यायची तर सुरुवात तुझ्यापासूनच करते. तुझ्या बाबाचीही मागितली. माझ्याकडच्या फोटोपुढे उभी राहून नीट, मोठ्याने.

तू पाठवलेल्या कापडाचा शर्ट तयार आहे. डावीकडे तीन सूत उतरवला आहे, आत एक पातळ पट्टी घातली आहे. कंबर सैल ठेवली आहे. का, ते विचारू नकोस.

आत्या

३० एप्रिल

आत्या,

शर्ट काल आला आणि आज सकाळी घालून निघाले. दिवसभरात एकदाही वर ओढावा लागला नाही. संध्याकाळपर्यंत हात आपोआप डाव्या खांद्याकडे जायचा आणि रिकामा परत यायचा.

डेपोच्या साहेबांनी चावी परत दिली, यावेळी तोंडाकडे बघून. सोमवारपासून शिकवायला सुरुवात. पाववाल्याचाही निकाल लागला, चौकटीच्या फोटोवर! दाईने आपल्या वडिलांची फुलझाडांची वही काढलीय. बी कुणी पेरलं, पाणी कुणी घातलं, सगळ्याला तारखा आहेत आणि निम्म्या ठिकाणी तिचं नाव आहे. ते सगळे तुला भेटायला यायचं म्हणतायत. मी सांगितलंय, जा, पण मापं घेतल्याशिवाय ती सोडणार नाही.

आज दाखल्यासाठी नवा फोटो काढला. त्याच फोटोवाल्याकडे गेले, त्याच स्टुलावर बसले. त्याने कॅमेऱ्यातून पाहिलं, बाजूला होऊन पुन्हा पाहिलं. खांद्यांबद्दल एक अक्षर बोलला नाही. तो फक्त एवढंच म्हणत होता, "बाई, सरकारी फोटो आहे, हसू नका."

चार वेळा म्हणाला. मग त्याने नाद सोडला. एक प्रत तुला पाठवतेय.

तुझी
टाचणी